मांडीवरची गिटार: कुठली चूक चालते, कुठली नाही

नाशिकमध्ये ज्याला ज्याला सांगितलं की घरी इलेक्ट्रिक गिटार बनवतोय, त्यानं आधी एकच विचारलं, "पडदे कसे बसवणार?" विचारणं रास्तच आहे. साध्या गिटारीच्या दांडीवर वीस-बावीस पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असतात. त्यातला एखादा केसभर उंच राहिला तरी तार तिथं खरखरते. शिवाय दांडी मुठीत मावेल इतकी बारीक हवी आणि तारांच्या ओढीनं ती वाकताही कामा नये. हे हातात बसायला कारागिराची वर्षं जातात.

माझं उत्तर असायचं, "पडदेच नाहीत."

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत. त्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी असते, ती तारांवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हातानं तारा छेडायच्या. जुनी मंडळी हिला 'हवाईयन गिटार' म्हणतात. विचित्रवीणा ऐकली असेल तर सूर कसा वाहतो ते सांगायला नको. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. मींड इथं मुद्दाम घ्यावी लागत नाही, उलट ती कुठं थांबवायची ते शिकावं लागतं.

गिटार बनवण्यातला सगळ्यात किचकट भाग इथं वाद्यातून काढून वाजवणाऱ्याच्या कानावर ढकललेला आहे. म्हणून ज्याला सुतारकाम येत नाही त्यालाही हे वाद्य बनवता येतं. बऱ्याच चुका ते पोटात घालतं. फक्त दोन-तीन जागा अशा आहेत की तिथं अर्ध्या मिलिमीटरचीही माफी नाही, आणि त्या जागा कुठल्या हे आधी कळलं तर निम्मं काम झालं. मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सुतारकाम येत नाही, गाणं त्याहून येत नाही. तरी दोन वर्षांत तीन लॅप स्टील झाल्या. पहिली चुकली, कशी ते पुढं येईलच.

थोडं मागचं सांगतो. गिटार हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकात बाहेरून आली. १८८० चं दशक सरत असताना ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलानं तिच्या तारांवर धातूचा तुकडा सरकवून पाहिला, आणि स्टील गिटारीचं श्रेय सहसा त्यालाच देतात. पुढं अमेरिकेत या सुरांचं वेड पसरलं. अडचण आवाजाची होती. बँडमधल्या कर्ण्यांशेजारी लाकडी गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचमनं तारांभोवती नालेच्या आकाराची चुंबकं आणि खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं अशी जोडणी केली. पुढच्या वर्षी ती गिटार ओतीव ॲल्युमिनियममध्ये बाजारात आली. गोल अंग आणि लांब दांडी, म्हणून तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे दांडीचा तवा. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही अशी मांडीवर ठेवायची होती, गळ्यात अडकवायची नव्हे. तिला एक खोड मात्र होती. स्टेजवरच्या दिव्यांनी ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावायचं आणि लावलेले सूर हलायचे.

आपल्याकडे ताऊ मो हे हवाईयन वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले आणि त्यांच्यामुळे तिकडे हे वाद्य चांगलंच रुजलं. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी सिनेमाच्या चाली हिच्यावर वाजवल्या, ब्रिजभूषण काबरांनी राग मांडले, विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला (तीही गिटारीचंच बदललेलं रूप) १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हा वाद्य परकं म्हणायचं काही कारण नाही.

आता फळी.

लागते ती साधारण ८५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड, एकसंध आणि वाळलेली. जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा सागाच्या तुळया निघतात. त्यातला तुकडा मिळाला तर उत्तम, कारण कित्येक पावसाळे पाहिलेलं ते लाकूड आता नव्यानं काही पीळ घेत नाही. मला भद्रकालीच्या बाजूला मिळाला. एकच खबरदारी. मिस्तरीच्या रंध्याखाली देण्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक फळीवरून सगळीकडे फिरवा. माझ्या तुकड्यात आत मोडलेले दोन खिळे निघाले. मिस्तरी म्हणाले, "साहेब, हे पातं तुमच्या गिटारीपेक्षा महाग आहे." सागाची दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या अंगचं तेल. काही चिकटवायचं असेल तर आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर डिंक धरत नाही.

एवढी जाड फळी कशासाठी? सहा तारा सुरात लावल्या की त्यांची मिळून ओढ पन्नास किलोच्या वर जाते. आपल्या जिल्ह्यात हे सांगायला सोपं आहे: कांद्याची एक भरलेली गोणी दांडीच्या दोन टोकांना सतत जवळ ओढतेय असं समजा. साध्या गिटारीची दांडी साधारण दोन सेंटिमीटर जाड, म्हणून तिच्या पोटात लोखंडी सळई घालावी लागते. इथं दांडी मुठीत धरायचीच नाही, मग बारीक कशाला करायची? जाडी दुप्पट झाली की वाकायला होणारा विरोध दुप्पट नाही, आठपट होतो. चार सेंटिमीटरचा साग या ओढीला दाद देत नाही. सळई नको, गोलाई नको, पोकळ पोट नको. फळी शेवटी फळीच राहते, आणि तिचा आकार बिघडला तरी सुराला त्याचं सोयरसुतक नसतं. माझी दुसरी गिटार एका बाजूला चक्क तिरकी आहे.

लाकडानं आवाज बदलतो का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी साग, बाभूळ आणि जुन्या दाराची एक फळी अशा तिन्हींवर तेच पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, लावून पाहिलं. मला फरक कळला नाही. तारा नव्या घातल्या की मात्र लगेच कळतो.

पहिली खरी नाजूक जागा म्हणजे तार जिथं टेकते ती दोन टोकं. खुंट्यांकडची अटी आणि दुसरीकडची घोडी. दोन्हीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा अँगल पुरतो. दोन तुकडे कापायचे, फळीवर स्क्रूनं बसवायचे आणि उभ्या कडेवर कानशीनं सहा खाचा घ्यायच्या, प्रत्येकीत साडेनऊ-दहा मिलिमीटरचं अंतर. कडा जास्त उंच वाटली तर खाचा घेण्याआधी वरून घासून कमी करायची. तारा फळीच्या वर दहा-बारा मिलिमीटर राहिल्या की झालं. साध्या गिटारीत तारा इतक्या उंच ठेवल्या तर बोटं सोलून निघतील. इथं त्या उंचच हव्यात, नाहीतर कांडी लाकडाला घासेल.

पण खाचा सारख्या खोलीच्या घेतल्या की गाडी फसते. सगळ्यात बारीक तार साधारण ०.३३ मिलिमीटरची आणि जाड तार १.४ मिलिमीटरची. दोघींचे तळ एका पातळीत आले तर जाड तारेचा माथा मिलिमीटरभर वर राहतो. वरून सरळ कांडी टेकवली की ती जाड तारेवर बसते आणि बारीक तार अधांतरी राहते. तेव्हा तारांचे तळ नव्हे, माथे एका पातळीत आणायचे. पोलादी पट्टी तारांवर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहायचं. जाड तारेची खाच थोडी थोडी खोल करत जायचं. या कामाला मला एक अख्खा रविवार लागला आणि तो सत्कारणी लागला असं मी समजतो.

दुसरी गोष्ट खाचेच्या धारेची. तंबोऱ्याची घोडी आठवा. ती रुंद असते, वरून किंचित उताराची. तार थरथरताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, सुटते, टेकते. त्यातूनच ती भरलेली, घुमारेदार आस निघते. त्या उताराला घासून नेमका करणं म्हणजे जवारी काढणं, आणि मिरजेचे कारागीर त्यासाठीच नावाजलेले आहेत. लॅप स्टीलला याच्या बरोबर उलटं हवं. इथं तार एकाच बिंदूवर सुटली पाहिजे. अँगलची कड सपाट ठेवली तर नको तिथं जवारी लागते: तार 'झ्यंऽऽ' करत राहते आणि नेमकी कुठून कुठपर्यंत वाजते हेच ठरत नाही. म्हणून खाच तारा बांधल्या जातात त्या बाजूला उतरती ठेवायची, म्हणजे कांडीकडच्या कडेवरच तार शेवटची टेकेल. घोडी आणि अटी दोन्हीकडे तसंच. कानशीचे चार हात कमी-जास्त झाले की आवाज सतारीकडे झुकतो. ते ऐकायला वाईट नसतं, पण आपण ते मागितलेलं नसतं.

आता रेषा. पडदे नसले तरी स्वर कुठं येतात हे डोळ्याला कळावं म्हणून फळीवर रेषा आखतात. अटीच्या कडेपासून घोडीच्या कडेपर्यंत मी ५७० मिलिमीटर अंतर धरलं. हिशेब सोपा आहे. एकूण लांबीला १७.८१७ ने भागलं की पहिली रेषा मिळते: ३२ मिलिमीटर. उरलेल्या ५३८ ला पुन्हा त्याच आकड्यानं भागलं की ३०.२, म्हणजे दुसरी रेषा अटीपासून ६२.२ वर. असं करत गेलं की बारावी रेषा बरोबर मध्यावर, २८५ वर येते. तार निम्मी झाली की स्वर वरच्या सप्तकातला, हे सगळ्यांना ठाऊक असतंच. तशी ती आली नाही तर हिशेब कुठंतरी चुकला. आखताना प्रत्येक रेषा अटीपासूनच मोजायची, आधीच्या रेषेपासून नाही. नाहीतर प्रत्येक वेळची पाव मिलिमीटरची चूक साठत जाऊन बाराव्या रेषेपर्यंत तीन मिलिमीटर होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पहिल्या गिटारीत मी मोजपट्टी अँगलच्या आतल्या कडेला न लावता बाहेरच्या कडेला लावली. अँगलची जाडी तीन मिलिमीटर. सगळ्या रेषा तीन मिलिमीटर खुंट्यांकडे सरकल्या, आणि मी वर वॉर्निशचे दोन हात मारून मोकळा झालो. बाराव्या रेषेवर कांडी ठेवली की वरचा सा किंचित उतरलेला. किती? तार २८५ ऐवजी २८८ मिलिमीटर वाजत होती, म्हणजे स्वर अठरा सेंटनं खाली. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. अठरा ऐकायला कमी वाटतात, पण कोमल-तीव्राच्या बारीक छटांमध्ये साधारण वीस-बावीस सेंटचाच फरक असतो. चुकीची मात्रा त्याच घरात होती. या चुकीवर परत येतो, कारण तिच्यातून एक मजा निघाली.

त्याआधी पिकअप, म्हणजे वाद्याचा कान. तो तयार मिळतो आणि पहिल्यांदा बनवणाऱ्यानं सरळ तयारच घ्यावा असं माझं मत आहे. पण तो चालतो कसा हे कळलं की बाकी सगळं उलगडतं.

सायकलचा डायनॅमो आठवत असेल. चाकाबरोबर आतलं चुंबक फिरतं, शेजारच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि दिवा लागतो. चुंबकाचा प्रभाव वेटोळ्यातून कमी-जास्त होत राहिला की तारेत विजेचा दाब निर्माण होतो, एवढाच नियम. पिकअपमध्ये चुंबक आणि वेटोळं दोन्ही स्थिर असतात. हलते ती वरची पोलादी तार. खालच्या चुंबकामुळे तीही थोडीशी चुंबक होते. ती थरथरली की वेटोळ्यातला चुंबकीय प्रभाव तितक्याच वेगानं हलतो. तार सेकंदाला २२० वेळा थरथरत असेल तर वीजही २२० वेळा इकडून तिकडे होते, आणि ॲम्प तेच मोठं करून ऐकवतो. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही, तो पोलादाची हालचाल पाहतो. म्हणून साध्या गिटारीच्या ब्राँझच्या तारा इथं नकोत. त्यांच्यात आतला गाभा तेवढा पोलादी असतो, बाहेरचं ब्राँझ चुंबकाला दिसत नाही. निकेल गुंडाळलेल्या, इलेक्ट्रिक गिटारच्याच तारा आणायच्या. जरा जाड संच घ्या, कारण लांबी कमी असल्यानं बारीक तारा सैल लागतात आणि कांडीखाली दबतात.

पण तारेच्या हालचालीनं तयार होणारी वीज अगदीच किरकोळ. प्रत्येक वेढ्यात थोडी थोडी, म्हणून वेढे हजारोंनी घालायचे: सात-साडेसात हजार. तार किती बारीक? ४६ नंबर, म्हणजे ०.०६ मिलिमीटर, डोक्याच्या केसाच्या जोडीची. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मागितली तेव्हा मालकांनी चष्मा वर केला. "भाऊ, पंख्याला छत्तीस नंबर लागते. ही काय घड्याळाला गुंडाळताय?" त्यांच्याकडे नव्हती, पण कुठं मिळेल ते त्यांनीच सांगितलं. साडेसात हजार वेढ्यांत या तारेचं अंतर किलोमीटरच्या वर जातं. रविवार कारंजावर एक टोक धरलं तर दुसरं गोदावरी ओलांडून पंचवटीत निघेल.

वेढे मोजायची माझी जुगाडी अशी. शिलाई मशीनची जुनी मोटार, तिच्या चाकावर छोटं चुंबक, समोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की मिटणारं इवलंसं बटण. त्या स्विचच्या दोन तारा दहावीतल्या भाच्याच्या जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' बटणाला जोडल्या. कॅल्क्युलेटरवर एक अधिक एक दाबून ठेवायचं. मग चाक एकदा फिरलं की 'बरोबर' एकदा दाबलं जातं आणि आकडा एकनं वाढतो. मिनिटाला चारशेच्या वर गेलं की कॅल्क्युलेटर अडखळतो, म्हणून सावकाश. तार अंगठा आणि तर्जनीत नुसती वाहू द्यायची, धरायची नाही. पहिली गुंडाळी दोन हजार तीनशेवर तुटली, दुसरी एक्केचाळीसशेवर. दोन्ही वेळा घरातला सीलिंग फॅन चालू होता. तिसऱ्यांदा दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, मे महिना, आणि सात हजार चारशे वेढे पूर्ण. मल्टिमीटरवर साडेसहा हजार ओहमच्या आसपास आकडा आला म्हणजे तार आत कुठं तुटलेली नाही.

वेढे वाढवले तर आवाज आणखी मोठा होईल, असं वाटणं साहजिक आहे. होतोही, पण वेटोळं जितकं मोठं तितके वरचे, चकाकणारे सूर त्यातच जिरतात. दहा हजारांना आवाज जाड आणि मातकट होतो. मला सात-साडेसात बरे वाटतात.

वेटोळ्याच्या मधून सहा लोखंडी स्क्रू, प्रत्येक तारेखाली एक, आणि त्यांच्या तळाला चिकटलेली फेराइट चुंबकाची पट्टी. स्क्रू साध्या लोखंडाचेच हवेत. मी आधी चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे घातले होते. बाजारातल्या बहुतेक स्टेनलेस स्क्रूंना चुंबक धरत नाही, त्यामुळे आवाज जेमतेम. शेवटी अख्खं वेटोळं वितळलेल्या मेणात बुडवून ठेवायचं, म्हणजे आतले वेढे सुटे हलत नाहीत आणि आवाज वाढवल्यावर किंचाळत नाहीत. मेण गॅसवर थेट ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. ते भडकू शकतं.

पुढची जोडणी दहा मिनिटांची. पिकअपच्या दोन तारा ५०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटला (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण), तिथून जॅकला (ॲम्पची केबल जिथं खुपसतात ते भोक). टोन हवा असेल तर आणखी एक पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. घोडीपासून एक तार जॅकच्या बाहेरच्या टोकाला न्यायची. ती विसरलात तर 'गुंऽऽऽ' असा पन्नास हर्ट्झचा सूर सतत वाजत राहतो, घरातल्या वायरिंगचा. आपलं अंग त्याची अँटेना होतं, तारांना हात लागला की तो बराचसा बसतो.

याच तारेमुळे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगावी लागते, आणि इथं मी गिटारवाला नाही, इलेक्ट्रिशियन म्हणून बोलतोय. आता गिटारीच्या तारा थेट ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या आहेत आणि तुमचे दोन्ही हात त्यांच्यावर आहेत. जुन्या घरांत तिसरी पिन बऱ्याचदा नुसती शोभेची असते, मागे तारच नसते. ॲम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं तर करंट तुमच्या बोटांतून जाईल. वाजवायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. वाद्य बिघडलं तर पुन्हा बनवता येतं.

ॲम्पबद्दल एक प्रश्न हमखास येतो: घरातल्या होम थिएटरला लावली तर? वाजते, पण मरतुकडी. पिकअप म्हणजे बारीक झऱ्यासारखा. दाब आहे, पाणी थोडं. गिटारचा ॲम्प त्यातून थेंबभरच घेतो. होम थिएटरची 'ऑक्स' वाट मोठा नळ सोडल्यासारखी ओढते, झऱ्याचा दाबच बसतो आणि आवाजातली चमक जाते. छोटा गिटार ॲम्प कुणाकडून उसना मिळाला तर बघा.

कांडी मात्र मी सातपूरला लेथवर करून घेतली. स्टेनलेसचा २० मिलिमीटर व्यासाचा रॉड, ८० मिलिमीटर लांब, एक टोक गोल. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि वजनच हवं, कारण ती दाबायची नसते, तिनं स्वतःच्या भारानं बसायचं. लेथवरच्या दादांनी कामाचं ड्रॉइंग मागितलं. मी म्हटलं, गिटार वाजवायला आहे. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना," आणि वरून चारशे, मग हजार नंबरचा पेपर मारून बफिंगला स्वतःच पाठवली. ही दुसरी जागा, जिथं माफी नाही. कांडीवर नखाला लागेल एवढा ओरखडा असला तरी प्रत्येक मींडेत तो 'क्रर्र' ऐकू येतो.

तारा कशा लावायच्या, त्याचे प्रकार ढीगभर आहेत. आपल्या कानाला सगळ्यात सोपा म्हणजे जाड तारेपासून सा प सा ग प सा. पाश्चात्त्य नावानं डी मेजर: मोकळ्या तारा छेडल्या की सुरेल जुळणीच ऐकू येते. कांडी रेषेच्या बरोबर वर ठेवायची. पडद्यांच्या गिटारीसारखी रेषेच्या अलीकडे नाही. मान पुढं काढून सरळ वरून बघायचं, तिरकं बघितलं की रेषा फसवते. कांडीच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली असू द्यायची, नाहीतर मागचा तुकडाही कुजबुजत राहतो.

आता त्या चुकलेल्या गिटारीकडे. माझी आत्या पंचवटीत राहते, बरीच वर्षं गाणं शिकलेली. दिवाळीत आली, तेव्हा तिच्या मांडीवर पहिली गिटार ठेवली आणि आधीच सांगून टाकलं की रेषा चुकल्यात, लक्ष देऊ नकोस. ती म्हणाली, "रेषा कुठं आहेत? मी चष्मा घरी विसरलेय." कांडी हातात घेतली, दोनदा घसरवली आणि सुरात वाजवायला लागली. पाऊण आरोह झाल्यावर मला शंका आली म्हणून मी वाकून पाहिलं. पंचमाला कांडी रेषेच्या साडेतीन मिलिमीटर पुढं होती, वरच्या सा ला तीन. माझी चूक तिनं न बघता दुरुस्त केली होती. पण गंधाराला कांडी नेमकी रेषेवर.

घरी हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. बारा सारखे भाग पाडून आखलेली चौथी रेषा खरी ११७.६ मिलिमीटरवर यायला हवी. पण गायकाचा शुद्ध गंधार तारेच्या चार पंचमांश लांबीवर असतो, म्हणजे अटीपासून ११४ वर. हार्मोनियमचा गंधार चौदा सेंट चढा, अशी गवयांची तक्रार असते ती हीच. माझी सरकलेली रेषा पडली होती ११४.६ वर. सा आणि पंचमाला चुकून मी गंधार मात्र बरोबर आखला होता, आणि तो बरोबर आहे हे मला सोडून फक्त आत्याला कळलं.

दुसरी आणि तिसरी गिटार आखताना म्हणून मी रेषा पाश्चात्त्य हिशेबानंच ठेवल्या, फक्त गंधाराच्या रेषेअलीकडे साडेतीन मिलिमीटरवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका टाकला.

आत्याचं मत विचारलं तर ती म्हणाली, "छान आहे रे, पण कोरडी आहे. जवारी कुठंय?" मी तिला सांगितलं, ती घालवण्यातच माझा रविवार गेला. तिला ते अजिबात पटलं नाही. गेल्या महिन्यात ॲक्रिलिकचा एक रुंद तुकडा घेऊन फक्त खालच्या सा च्या तारेखाली घोडीसारखा बसवलाय आणि रोज रात्री पॉलिश पेपरनं थोडा थोडा उतार काढतोय. तंबोऱ्यासारखा मधे दोराही अडकवून पाहिला. अजून नीट बोलत नाही. उतार जरा जास्त झाला की तार मुकी होते, जरा कमी झाला की डबड्यासारखी वाजते. आत्या फोनवर ऐकते आणि म्हणते, "अजून एक हात मार."